तुमची एसएसडी गेलेली नाही, भाऊ

भाऊ, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्याकडून नवा मदरबोर्ड नेला, जुन्या लॅपटॉपमधली एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह) त्यात बसवली तर ती दिसलीच नाही, आणि दुकानातल्या पोराने ‘ती गेली, नवी घ्या’ म्हणून सांगितलं. रावेर-जळगाव दोन चकरा झाल्या, ऐन केळीच्या कटाईत हिशेब अडकला. राग येणारच.

न तपासता ‘गेली’ म्हणणं ही आमची चूक. बोर्ड देण्याआधी तुमची एसएसडी हातात घेऊन बघायला हवी होती, आणि ते पोराला शिकवणं माझं काम होतं. माफी मागतो. पण ‘बोगस बोर्ड गळ्यात मारला’ हे मात्र मान्य नाही.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. सोनेरी पिनांमध्ये दोन खाचा आहेत आणि लेबलवर साटा लिहिलंय. तुमची एसएसडी एम.२ आहे, म्हणजे चपट्या पट्टीसारखी, पण एम.२ हा नुसता आकार झाला. आतून ती साटा (जुनी, हळू जोडणी) असते नाहीतर एनव्हीएमई (नवी, वेगवान, पीसीआयई नावाच्या मार्गावर चालणारी). या बोर्डाचा एम.२ स्लॉट फक्त पीसीआयईवर चालतो. म्हणून पट्टी घट्ट बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये (बोर्डाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) नाव येत नाही. (नुसत्या खाचांवर जाऊ नये. सुरुवातीच्या काही एनव्हीएमईलाही दोन खाचा होत्या. लेबलच वाचावं.)

बोर्डावर साटा पोर्ट आहेत. एम.२ साटाचं अडीच इंची केसिंग येतं, त्यात ती टाकून केबलने जोडू. केसिंगचे पैसे घेणार नाही. वेग साटाचाच, सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत. हिशेबाला भरपूर झाला. जुनं विंडोज मात्र सुरू होईलच असं नाही. ते एमबीआर (डिस्कचे भाग मांडायच्या जुन्या) पद्धतीने टाकलेलं असेल तर नवे बोर्ड बहुधा घेत नाहीत. तेव्हा विंडोज नव्याने दुसऱ्या ड्राइव्हवर टाकू, तुमच्या डेटाला हात न लावता.

तोवर कोणी ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू म्हटलं तर करू देऊ नका, डेटा त्यातच जाईल. बिटलॉकर (विंडोजचं डेटाला लावायचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, निघण्याआधी बघून ठेवा. बोर्डच नको असेल तर बिल घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो.