मॉडेस्टी रॅबनॉट क्विडिच खेळायचीच नाही

हॅरी पॉटरच्या जगातली मॉडेस्टी रॅबनॉट क्विडिचची (झाडूवर उडत खेळायचा जादूगारांचा खेळ) प्लेअर होती आणि पक्षी वाचवायला तिनेच सोनेरी स्निच (त्या खेळात पकडायचा छोटा उडता चेंडू) बनवला, असं फिरतंय. चूक आहे हे. ती साधी प्रेक्षक होती. १२६९ च्या मॅचमध्ये जादूगार परिषदेचा प्रमुख बार्बरस ब्रॅगने मैदानात जिवंत स्निजेट (छोटासा सोनेरी पक्षी) सोडला, पकडणाऱ्याला १५० गॅलिअन्स (जादूगारांची सोन्याची नाणी) बक्षीस, आणि तो एवढासा जीव घाबरून सैरावैरा उडतोय ते हिला बघवेना, म्हणून तिने मंत्र टाकून त्याला ओढून घेतला, झग्यात लपवला आणि पळाली. १० गॅलिअन्स दंड झाला, तेवढे पैसेच नव्हते म्हणून घर गेलं बिचारीचं! स्निच नंतर बोमन राइट नावाच्या जादूगाराने बनवला, आणि स्निजेटला संरक्षण परिषदेची नंतरची प्रमुख एल्फ्रिडा क्लॅगने दिलं. सॉमरसेटच्या स्निजेट अभयारण्याला मात्र नाव मॉडेस्टीचंच आहे.