फारोकडून शिका: नुसतं गर्जून वेळ कशी घालवावी

राजा व्हायचंय? मग तलवारबिलवार नंतर बघू, आधी घसा तयार करा, मिसरच्या (म्हणजे इजिप्तच्या) फारोंनी, तिथल्या राजांनी, कोर्स आयता आखून ठेवलाय.

सुरुवात नदीपासून. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात फारो म्हणतो नाईल माझी, मीच ती बनवली. लाज वाटून घेऊ नका, लोक पाणी पितातच, त्यांना काय फरक पडतो.

मग लढाई. फारो नखोचं बघा, इ.स.पू. 609 मध्ये वाटेत यहूदाचा राजा योशीया आडवा आला त्याला मगिद्दोला मारला, छोटा राजा मारला की कॉन्फिडन्स येतो. मग नाईलसारखा चढेन न् पृथ्वी झाकून टाकेन वगैरे सुरू. 605 मध्ये कर्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सरने असा धुतला की शिपाई पाठ फिरवून पळाले. गरजेल तो पडेल काय.

पण खरा मास्टर म्हणजे फारो हफ्रा. यहूदाच्या राजधानीला, यरुशलेमला, बाबेलचा वेढा पडलेला, आतले लोक मिसरकडे डोळे लावून बसलेले, आणि हा चक्क सैन्य पाठवतो! खास्दी (बाबेलचे सैनिक) वेढा उठवून निघाले पण. शहरात इतका आनंद की घाबरून सोडलेले गुलाम मालकांनी परत धरून आणले (संकट टळलं ना, मग देवाला दिलेला शब्द कोण पाळतो). आता हीच ती वेळ, आणि इथेच तुम्ही शांतपणे घरी परत जायचं. हफ्राचं सैन्य गेलं. यिर्मया संदेष्टा आधीपासून सांगत होता की हे परत जाणार न् खास्दी येऊन शहर जाळणार, पण त्याला फितूर ठरवून कोठडीत टाकलं. फारो म्हणजे नुसता आवाज, नेमलेली वेळ त्याने घालवली, हेही त्याच यिर्मयाच्या पुस्तकात आहे. शहर जळलं. काठी म्हणून धरलेला बोरू हातातच मोडून खांदा फाडतो, असं यहेज्केलने म्हटलं होतं तेही खरं झालं, पण हात यहूदाचा होता, तुम्ही कशाला टेन्शन घेता.

एवढं झालं की शेवटचा धडा. आपल्याला देवसुद्धा खुर्चीवरून हलवू शकत नाही असं मानायचं, हफ्रा मानत होता असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. स्वतःच्याच सैन्याने बंड केलं तरी उठायचं नाही, समजूत काढायला एखादा विश्वासू माणूस पाठवायचा. हफ्राने अमासिसला पाठवला. तो भाषण करत होता तेवढ्यात मागून एका शिपायाने त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवलं न् म्हणाला, आता राजा तू. अमासिसनेही फार आढेवेढे घेतले नाहीत.