‘मामा असलेल्यांनी बोलू नये’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक अभियंता’ यांस नमस्कार.

बी.कॉम. करून रोबोच्या कामात कसा आलो, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सकाळी वडापमध्ये वाचली तेव्हा राग आला. रात्री जेवून शांतपणे वाचली, तेव्हाही आला. म्हणून लिहितोय.

आधी तुमचे बरोबर आहे ते. आरओएसला, म्हणजे ‘रोबोट ऑपरेटिंग सिस्टीम’ या सॉफ्टवेअरला, मी ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हटले होते. नावात तसे असले तरी ती ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे. उबंटूसारख्या सिस्टीमवर ती चालते आणि रोबोच्या वेगवेगळ्या प्रोग्रामना एकमेकांना निरोप देण्याची सोय करते. चूक मान्य, लेखात दुरुस्त केली. हे तुम्ही एका ओळीत सांगू शकला असता, ‘बी.कॉम.वाल्यांकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच’ हे शेपूट न जोडता.

आता ते वाक्य. ‘उद्यमबागेत मामा असलेल्यांनी खानापूरच्या पोरांना धीर देत बसू नये.’

साहेब, उद्यमबाग ही बेळगावची कारखान्यांची वसाहत, पण मी खानापूर तालुक्यातलाच. आणि मामा कोण, हे विचारले असतेत तर सांगितले असते. मालक नव्हेत, मॅनेजर नव्हेत. एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, २७ वर्षे फेटलिंगला आहेत. म्हणजे कास्टिंगच्या (ओतलेल्या भागाच्या) कडा दिवसभर ग्राइंडरवर घासायच्या आणि घरी आल्यावर हाताची थरथर थांबेपर्यंत चहाचा कप धरायचा नाही. त्यांच्या ‘वशिल्या’ने मला मिळाले ते स्टोअरमध्ये रिजेक्शनचे रजिस्टर लिहायचे काम. रोबो तेव्हा तिथे नव्हताच.

तो नंतर आला, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर कास्टिंग चढवायला. पुण्याचा इंजिनियर चार दिवस हिंदी-इंग्रजीत शिकवून गेला. ऑपरेटर गोकाककडचा, कन्नड बोलणारा. माझे कन्नड मोडके. पाचव्या दिवशी ग्रिपरमधून, म्हणजे रोबोच्या पकडीतून, कास्टिंग निसटायला लागली. फोनवर उत्तर आले, पॉइंट पुन्हा शिकवा. आम्ही टीच पेंडंट (रोबोला जागा शिकवायचा हातातला रिमोट) घेऊन शिकवले, तरी निसटायचीच. माझ्या रजिस्टरात मात्र दिसत होते, की निसटणारी बहुतेक कास्टिंग ४ नंबरच्या कॅव्हिटीची (साच्यातल्या खणाची) आहेत. मामांना दाखवले. त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाले, “पार्टिंग लाइनला फ्लॅश जास्त हाय की हिच्या, घासून बी उरतंय.” साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर बाहेर आलेला जादा धातू म्हणजे फ्लॅश. ग्रिपरचा जबडा नेमका त्या फ्लॅशवर बसायचा आणि कास्टिंग तिरके व्हायचे. रोबो दर वेळी त्याच जागी येत होता, कास्टिंगच दर वेळी सारखे नव्हते. जबड्याला त्या जागी खाच मारली, काम झाले. त्या दिवसापासून पेंडंट माझ्या हातात आले. हा माझा वशिला.

बरे, पदवीचेच म्हणाल तर प्रोग्रामने चालणाऱ्या हाताचे पेटंट १९५४ साली दाखल करणाऱ्या जॉर्ज डेव्होल यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. त्यातूनच निघालेला युनिमेट हा रोबो १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. मी डेव्होल नव्हे, हे तुम्ही लिहायच्या आत मीच लिहितो.

राहिले गणित. मॅट्रिक्स आल्याशिवाय सहा अक्षांच्या हाताचे किनेमॅटिक्स, म्हणजे हालचालीचे गणित, कळत नाही म्हणता. नाही कळत. मीही दोन वर्षे रात्री बसून बारावी सायन्सच्या पुस्तकापासून सुरुवात केली. हे मूळ लेखात आले नाही, कारण लेख गणितावर नव्हता. असो. पगार, वय, पुण्याला जावे लागते का, हे तुमचे बाकीचे प्रश्न ज्यांना खरेच पडलेत त्यांनी मेल करावा.

तुम्ही व्हीटीयूचे (बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे) इंजिनियर, आदर आहे. पण टोपणनावाआडून कुणाच्या मामाला मध्ये ओढणे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, ते तेवढे कळवा. आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा. ‘एक अभियंता’ अशी हाक उद्यमबागेत मारली, तर चहाच्या गाड्यावरचे निम्मे लोक वळून बघतात.