कीटो, बांगडा आणि माझी गोळी

गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून चतुर्थीपर्यंत मी कीटो आहार पाळला. तेव्हापासून आठवड्यातून एखादा तरी फोन येतो, ‘काय खाल्लंस, किती उतरलं?’ म्हणून. गोळ्या कोणत्या चालू होत्या, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कीटोचा जन्म जिममध्ये झालेला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. उपाशी ठेवल्यावर रुग्णाच्या फिट्स कमी होतात हे वैद्यांना पूर्वीपासून दिसत होते, पण माणसाला किती दिवस उपाशी ठेवणार? म्हणून पोट भरलेले असूनही शरीराला उपवासच चालला आहे असे वाटावे, अशा बेताने स्निग्ध पदार्थ भरपूर आणि कर्बोदके (भात, भाकरी, साखर यांतून येतात ती) जवळजवळ नाहीत असे ताट त्यांनी योजले. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात मुलांना तो आहार आजही देतात, आणि तेव्हा प्रत्येक घास ग्रॅममध्ये मोजलेला असतो, रक्तलघवीच्या तपासण्या होत राहतात. लठ्ठपणावर तोच उपाय वापरताना मोजमाप गळून पडले आणि लोण्याचे फोटो तेवढे उरले, ही माझी पहिली तक्रार आहे.

माझी अवस्था सांगतो. वय ५४, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७९ किलो, कंबर ९८ सेंटीमीटर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) २१२, उपाशीपोटी साखर १३१ आणि मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर रक्तदाबाची गोळी चालू. वाढलेली कंबर, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स, कमी झालेले चांगले कोलेस्टेरॉल, चढा रक्तदाब आणि चढी साखर या पाचांपैकी तीन गोष्टी जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. माझ्याकडे चार होत्या. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर धरतात, म्हणजे पाश्चात्त्यांपेक्षा कमी, आणि त्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण अंगाने बारीक दिसत असलो तरी आतून तसे असूच असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. सिंधुदुर्ग-गोवा सीमेवरच्या बांद्यापलीकडे गोवेकरांचे ताट आणि अलीकडचे आमचे ताट, दोन्हीकडे भात आणि निस्त्याक, म्हणजे माशाचे कालवण; फरक तो काय असणार?

कीटोत दिवसभराची कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवावी लागतात. पन्नास ग्रॅम पिठाची तांदळाची एक भाकरी म्हणजे ४० ग्रॅम कर्बोदके, आणि दीडशे ग्रॅम शिजलेल्या भाताचीही गोष्ट तीच. म्हणजे सकाळी उकड्या तांदळाची पेज पोटात गेली की दिवसाचा हिशेब तिथेच संपला. आईला हे पटवणे मला जमले नाही. “झिला, पेज नाय पोटात गेली तर दिवस कसो जातलो?” हे ती सात महिने रोज म्हणत राहिली.

गंमत अशी की बाकीचे आमचे ताट कीटोला फारसे परके नाही. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, पेडवे, तिसऱ्या (शिंपल्या), नारळाच्या रसातली सोलकढी, अंडी, पालेभाज्या हे सगळे चालते. फसवतात ते बारीकसारीक पदार्थ. तळलेल्या सुरमईला लावलेला रवा आपण मोजत नाही, आणि तीस ग्रॅम काजू म्हणजे नऊ ग्रॅम कर्बोदके हे काजूच्या बागेत वाढलेल्या माणसाला कोणी सांगितलेले नसते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा खरी परीक्षा झाली, कारण सुके बांगडे आणि सोडे घरात असले तरी त्यांतले मीठ रक्तदाबाच्या रुग्णाने रोज किती खायचे?

आता गोळीची गोष्ट. तीन हजार रुपये भरून मी एका व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरलो होतो. गटातल्या मार्गदर्शकांनी वजन विचारले, आवडीनिवडी विचारल्या, औषधांविषयी अक्षर काढले नाही, आणि मीही शहाणा, माझ्या डॉक्टरांना न कळवता सुरुवात केली. मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी रोजच्या वेळेला घेत होतो. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर भात असो वा नसो. पाचव्या दिवशी सकाळी मासळी बाजारात बांगड्यांचा वाटा निवडत असताना हात थरथरू लागले, सदरा घामाने चिकटला आणि समोरच्या टोपलीतले मासे मला मोजता येईनात. नेहमीच्या मासेवाल्या काकूंनी मला बर्फाच्या खोक्यावर बसवले आणि टपरीवरून दुप्पट साखरेचा चहा मागवला. तो पिऊन घरी आल्यावर मीटरने साखर ६४ दाखवली. चहाच्या आधी काय असेल याचा विचार मी करत नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांसमोर कबुलीजबाब झाला. त्यांनी ग्लिमेपिराइड थांबवली, मधुमेहाची दुसरी गोळी मेटफॉर्मिन ठेवली आणि पुढे दोन आठवड्यांनी रक्तदाबाची गोळी निम्मी केली, कारण कीटोत इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात आणि दाब खाली येतो. शिवाय डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने मनाने कीटो केला, तर साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतानाही रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते, हे त्यांनी दोनदा सांगितले.

त्यानंतर मात्र आहाराने काम केले, हे नाकारणार नाही. पहिल्या पंधरा दिवसांत चार किलो उतरले. त्यातले बरेचसे पाणी होते, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे राखीव साखरेच्या, दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि साठा संपला की तेही जाते. सात महिन्यांनी वजन ७०, कंबर ९०, ट्रायग्लिसराइड्स १२८. भूक खरोखरच कमी लागत होती, आणि मला वाटते की कीटोचे अर्धे यश तिथेच आहे. पण चौथ्या महिन्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १७६ वर गेले होते. भाताची जागा मी लोणी, चीज आणि खोबरेल तेलातल्या तळणाने भरली होती. ती मासे, शेंगदाणे आणि शेंगदाणा तेलाने भरल्यावर आकडा १३१ वर आला. खोबरेल तेलातली जवळजवळ नव्वद टक्के चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या प्रकारची, असते. नारळावर माझे प्रेम आहे, पण म्हणून हा आकडा बदलत नाही.

चतुर्थीला पाच दिवस मी मोदक खाल्ले आणि दोन किलो परत आले. तेही बहुतांशी पाणीच होते, तरी काटा पाहून माझा चेहरा उतरला. मात्र पुन्हा पूर्ण कीटोवर गेलो नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवले होते. कमी चरबीच्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकांच्या गटाचे ६, आणि हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. त्यातला कमी कर्बोदकांचा आहार शेवटपर्यंत कीटो राहिला नव्हता हे खरे, पण तेच तर महत्त्वाचे आहे: २० ग्रॅमवर वर्षभर टिकणारी माणसे थोडी. ज्याची साखर आणि वजन दोन्ही हाताबाहेर गेली आहेत, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक महिने कीटो जरूर करावा, असे माझे मत आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आपल्या मनाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सध्या दुपारी एक लहान वाटी भात, तोही मासे आणि भाजी खाऊन झाल्यावर, आणि रात्री भाकरीऐवजी कुळथाची पिठी, असे चालले आहे. वजन ७२ वर स्थिर आहे, ग्लिमेपिराइड अजून बंद आहे. पेज रविवारी मिळते. त्या दिवशी आई वाडगा काठोकाठ भरते आणि मी अर्धा तिच्याच वाडग्यात ओततो.