डंपवर झाडे लावली म्हणजे झाले का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सध्या एकच वाद पेटला आहे. खाणीतून काढलेल्या दगडमातीचा जो डोंगर उभा राहतो, ज्याला आमच्याकडे लहानथोर सगळेच ओबीचा (ओव्हरबर्डनचा) डंप म्हणतात, त्यावर वाढलेल्या झाडांचे छायाचित्र एकाने टाकले आणि ‘येथे खाण होती हे सांगूनही कोणाला पटणार नाही’ असे खाली लिहिले. त्यावर दुसऱ्याने ‘परदेशात असे ढिगारे उभेच राहू देत नाहीत, हे फक्त आपल्याकडे चालते’ असे ठणकावले. मला दोघांचाही राग आला, कारण मी ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये राहतो आणि जुन्या कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांची पाहणी करणे हेच माझे काम आहे.

परदेशाचे दाखले देणाऱ्यांनी इथल्याच अ‍ॅबरव्हॅनचे नाव आधी घ्यावे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी या गावाच्या डोक्यावरचा सात क्रमांकाचा ढिगारा खाली आला आणि प्राथमिक शाळेवर कोसळला. १४४ माणसे गेली, त्यांतली ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता आणि गावकऱ्यांनी त्याविषयी आधी तक्रारी केल्या होत्या. चौकशी आयोगाने खाणी चालवणाऱ्या राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवले, तरीही उरलेले ढिगारे हटवण्यासाठी पीडितांच्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ साल उजाडले. अशा ढिगाऱ्यांसाठीचा कायदा आला तो १९६९ मध्ये, म्हणजे मुले पुरल्यानंतर.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर त्याच मर्थर टिडफिल परिसरातली फोस-इ-व्रानची उघडी खाण पाहावी. पडीक जमीन सुधारून देण्याच्या अटीवर २००७ मध्ये तेथे कोळसा काढायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये काम थांबले, तेव्हा सुधारणेसाठी राखून ठेवलेले १ कोटी ५० लाख पौंड प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने फारच तोकडे असल्याचे उघड झाले. मागे राहिले पाणी साचलेले खोल विवर आणि दगडमातीचे डोंगर.

मग पहिल्या मित्राचे बरोबर आहे का? मुळीच नाही, आणि मला अधिक सलते ते त्याचेच विधान. डंपचे पुढे काय होणार हे झाडे लावताना ठरत नाही, पहिला डंपर रिकामा होतो तेव्हाच ते ठरलेले असते. आपल्या भागातली काळी कापसाची माती पाणी प्यायली की तिचा दम जातो, आणि ती न काढता तिच्यावर दगडमाती रचत गेले तर पायथा भार घेत नाही, बाहेरच्या बाजूला सरकतो. ती माती आधी खरवडून वेगळी, कमी उंचीवर ठेवली पाहिजे आणि फार वर्षे न दवडता वापरली पाहिजे, नाहीतर तिच्यातला जीव जातो. सुरुंगाने फुटलेला खडक फुगतो, त्यामुळे काढलेले सगळे खड्ड्यात परत मावत नाही आणि बाहेरचा डंप टळत नाही. म्हणूनच तो पायऱ्यापायऱ्यांनी रचायचा, एक पायरी ३० मीटरपेक्षा उंच होऊ द्यायची नाही, आणि प्रत्येक पायरीवरचे पाणी नालीतून बाजूला काढायचे. हे मी वेल्सचे सांगत नाही, आपल्याच खाण नियमांत आहे. २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवणे हेही आपल्याकडे बंधनकारक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये झारखंडच्या लालमटियात डंप कोसळून २३ कामगार दगावले, तेव्हाही देशात नियम होतेच.

पावसानंतर मी ढिगाऱ्यावर जातो तेव्हा आधी नाल्या पाहतो. मोरीच्या जाळीत नेचे आणि मेंढ्यांची लोकर अडकून पाणी तुंबलेले असते, पायथ्याशी नारिंगी पाणी पाझरत असते, कुंपणाचे खांब कललेले असतात. झाडांच्या बुंध्याशी वाक आलेला दिसला की जमीन हळूहळू सरकत असल्याची शंका येते. दाट झाडीत भेगा दिसतच नाहीत. २०२० मध्ये वेल्समधल्याच टायलर्सटाउनला वादळी पावसात घसरलेल्या ढिगाऱ्याने नदी अडवली, तो उतारही काही उघडाबोडका नव्हता. छायाचित्रातल्या हिरवळीवरून त्या डंपच्या पोटात पाणी किती साचले आहे हे कोण सांगणार?

एवढे लिहिल्यावर गटातून उत्तर आले की तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. ते मला लागले. येथल्या सहकाऱ्यांपुढे मी चंद्रपूरच्या खाणींची बाजू घेतो, तुम्ही दोनशे वर्षे कोळसा जाळलात आणि आता आम्हाला उपदेश करता असे सुनावतो, आणि गावच्या लोकांपुढे मात्र वेल्सचे दाखले देतो. दोन्हीकडे मी परका ठरतो, हे मला कळते. पण आमची चार एकर काळी जमीन खाणीसाठी गेली, त्या बदल्यात वडिलांना खाणीत नोकरी मिळाली, आणि त्या पगारावर मी शिकलो. आज त्या शेतावर डंप आहे. मला कोणी परदेशी म्हटले तरी माझे शिक्षण त्या डंपखालच्या जमिनीच्या मोलाने झाले आहे.

वेल्सने उशिरा का होईना, बंद खाणींच्या अडीच हजारांहून अधिक ढिगाऱ्यांची यादी केली, धोक्याप्रमाणे त्यांची प्रतवारी लावली, २०२३ मध्ये त्यांतल्या जास्त धोक्याच्या ढिगाऱ्यांच्या जागा नकाशावर जाहीर केल्या आणि २०२५ मध्ये बंद ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. चंद्रपूर, वणी, बल्लारपूरच्या प्रत्येक डंपला तसा क्रमांक मिळावा आणि त्याची पाहणी कोणी, केव्हा केली ते गावच्या ग्रामपंचायतीत कोणालाही वाचता यावे, एवढे माझे मागणे आहे. खाण बंद झाल्यावर आमच्या शेतावरच्या डंपच्या नाल्या कोण साफ करणार, हे विचारण्यासाठी मी चंद्रपुरातच राहिले पाहिजे अशी अट मला मान्य नाही.