अपमान तर घरोघर होता

नमस्कार सर. तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यात घोळतेय. 'गाडीतून ढकललं म्हणून गांधी घडले असं लिहून तुम्ही अन्यायालाच गुरू करून टाकलंत. अन्याय तर आपल्या निजामी मुलखात घरोघर होता, मग घरोघर गांधी का नाही निपजले?' असं विचारलंत. बरोबर विचारलंत. चूक माझ्या लेखाची आहे.

माझे आजोबा गढीवर वेठीला जायचे. गढीसमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, ही रीत. पुढं बुरूज ढासळले, आत बाभळी माजल्या, तरी तिथं आलं की आजोबा वाकायचे आणि वहाणा काढायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. अन्यायानं त्यांनाही घडवलंच की!

म्हणून ७ जून १८९३ च्या त्या रात्रीपेक्षा नंतरचे दिवस मला आता मोठे वाटतात. दक्षिण आफ्रिकेतल्या मॅरित्झबर्ग स्टेशनात, गाडीतून ढकलल्यावर, गांधी थंडीनं कुडकुडत बसले. कोट सामानात होता, पण पुन्हा अपमान होईल म्हणून मागितला नाही. भीती त्यांनाही होतीच. मग प्रिटोरियाला पोचल्यावर त्यांनी तिथल्या भारतीय लोकांची सभा घेतली आणि आपल्याच माणसांना सांगितलं, व्यापारात खरं बोला, स्वच्छता राखा. एक न्हावी, एक कारकून, एक दुकानदार, या तिघांना त्यांच्या सवडीनं जाऊन इंग्रजी शिकवलं. अन्यायी कायदा न मानण्याची शपथ जोहान्सबर्गला सगळ्यांनी मिळून घेतली ती ११ सप्टेंबर १९०६ ला. मधली तेरा वर्षं मी एका वाक्यात उडवली होती.

आपल्याकडं निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, त्याआधी कितीतरी वर्षं हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला मास्तरकी करत होते. साध्या सभेला सरकारची परवानगी लागायची, त्या राज्यात पोरांना रोज समोर बसवून शिकवणं ही केवढी गोष्ट!

मराठवाडा शेवटी भारताच्या फौजेनं सोडवला, हे तुमचं म्हणणंही खरं. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत बंदुकाही होत्या. नुसत्या सत्याग्रहानं निजाम नमला, असं मी म्हणणार नाही.

एक विनंती आहे. तुमचे आजोबा १९३८ साली परभणीहून सत्याग्रहाला गेले, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. जायच्या आधी ते काय करत होते? कुणाकडं उठबस होती? घरात कुणाला आठवत असेल तर विचारून कळवा. सवडीनं लिहा, मी वाट बघतो.