घरगडी की गडी?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही म्हणता, "दीडशे किलोमीटर दुसऱ्याच्या पाठीमागं लपायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरला पुढं येऊन हात वर करायचे, ही कसली मर्दुमकी? सात जणांनी गड्यासारखं राबायचं, नाव एकाचं. लाल मातीत असलं खपत नाही."

लाल मातीचं मान्य. पण कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात वारा आडवा येत नाही. सायकलवाल्याचा पहिला प्रतिस्पर्धी तोच. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो. ताशी चाळीसच्या पुढं बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं तर पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात.

जुलैत पन्हाळ्याच्या वाटेवर केर्ली ते वाघबीळ सायकलनं जाऊन बघा, पश्चिमेचा वारा तोंडावर. आम्ही चौघं आळीपाळीनं पुढं येत होतो. रुंद पाठीच्या मित्रामागं असताना वारा कुणी बंद केल्यागत वाटायचा. फक्त त्याच्या चेनची किरकिर आणि त्याच्या चाकानं उडवलेला चिखल माझ्या दातांत. माझी पाळी आली आणि दोन मिनिटांत मांड्या पेटल्या. लपण्यातही सुख नसतं बरं का, पुढचं चाक वीतभर अंतरावर असतं. त्यानं ब्रेक दाबला की तुम्ही रस्त्यावर.

"गडी" हा तुमचा शब्द मात्र अचूक बसला. फ्रेंचमध्ये अशा मदतनिसाला 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. १९११ च्या टूरमध्ये मॉरिस ब्रोको दुसऱ्या स्वारासाठी राबला म्हणून स्पर्धेचे संस्थापक आँरी देग्रांज यांनी त्याला ही शिवीच दिली. तुमचंच मत त्यांचंही होतं! ब्रोको चिडला आणि त्यानं दुसऱ्या दिवशी डोंगरातला टप्पा मारून दाखवला. शब्द मात्र राहिला, आणि आज तो हुद्दा आहे. आपल्याकडं गडी म्हणजे नोकर, तसाच खेळातला भिडूही. मला दुसरा अर्थ पटतो.

राबणं म्हणजे नुसतं पाण्याच्या बाटल्या पोचवणंही नाही. २०२२ च्या टूरमध्ये ओताकामच्या चढाच्या टप्प्यात वाऊट व्हॅन आर्ट दिवसभर आघाडीच्या गटात होता. मागून त्याच्याच संघाचा म्होरक्या जोनास विंगेगार्ड आणि प्रतिस्पर्धी तादेय पोगाचार आले, तेव्हा त्यानं विंगेगार्डसाठी असा वेग लावला की पोगाचार मागं पडला. चढावर वेग कमी, त्यामुळं आडोशाचा फायदाही कमी. तिथं समोरच्याचा दम काढणं हाच डाव. गड्यानं धन्याच्या शत्रूला लोळवलं म्हणा हवं तर.

आता तुम्ही टोकियो ऑलिंपिकमधल्या बायकांच्या शर्यतीचं उदाहरण द्याल. ॲना कीसेनहोफर शेवटचे चाळीसेक किलोमीटर एकटी पळाली आणि सुवर्ण घेऊन गेली. खरंय. पण सुरुवातीला ती पाच जणींत होती, पाळ्या वाटून घेत. आणि मागं? डच संघाच्या चार नामांकित बायका. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळं पुढं कोण आहे हेच कळलं नाही. त्यांच्यातल्या व्हॅन व्ल्यूटेननं दुसरी येऊन सोनं जिंकल्यागत हात वर केले. ती हार पायांची नव्हती.

नाव एकाचंच लागतं, ही तुमची तक्रार मात्र खरी. टूर जिंकणारा बक्षिसाची रक्कम संघात वाटून टाकतो, ही तिथली जुनी रीत. पैसे वाटता येतात. विजेत्याची पिवळी जर्सी नाही येत.